‘आय हॅव अ डाउट’ : चूक कुठली आणि रीत कुठली?

शाईदौत (धागाकर्ता)

इंग्रजी मजकूर तपासताना दोन निराळ्या गोष्टींवर एकच लाल शाई चालते. एक खरोखरची चूक, जी लंडन, शिकागो, पुणे, कुठेही चूकच. दुसरी एका मुलखाची रीत, जी दुसऱ्या मुलखात खटकते किंवा भलताच अर्थ देऊन जाते. चूक दुरुस्त करायची, रीत मात्र वाचणाऱ्याकडे बघून ठेवायची किंवा बदलायची. घोळ होतो तो दोन्ही एकाच टोपलीत टाकल्यामुळे. म्हणून हा धागा.

सुरुवात काळांपासून करतो, कारण आपला पाय तिथेच जास्त अडकतो.

‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टर्डे.’ मराठी माणसाच्या इंग्रजीत हे वाक्य हमखास सापडतं. मूळ उघड आहे: ‘मी काल नाशिकला गेलो होतो.’ मराठीतलं ‘गेलो होतो’ स्वतःच्या पायावर उभं राहतं. गेलो, काम झालं, परतही आलो, एवढं त्यात येतं. इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’ला मात्र टेकू लागतो, भूतकाळातल्याच आणखी एका क्षणाचा. ‘शी कॉल्ड अ‍ॅट टेन, बट आय हॅड गॉन टू नाशिक बाय देन.’ तपासताना ‘हॅड’ दिसला की तो दुसरा क्षण शोधायचा, त्याच वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात. सापडला नाही तर ‘हॅड’ काढून ‘वेंट’ करायचं. ही चूक, रीत नव्हे. कारण वाचणारा त्या दुसऱ्या क्षणाची वाट बघत बसतो आणि तो येतच नाही.

‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ ही पण चूक. ‘मी त्याला काल पाहिलंय’ आपल्याकडे बिनदिक्कत चालतं, पण इंग्रजीत ‘हॅव सीन’ आणि संपून गेलेल्या वेळेचा शब्द (यस्टर्डे, लास्ट वीक, इन २०१९) एकत्र नांदत नाहीत. यावर ब्रिटिश आणि अमेरिकन दोघांचं एकमत आहे.

आता ‘आय जस्ट एट’. आपल्या शाळांतलं व्याकरण ब्रिटिश वळणाचं, त्यामुळे तपासणाऱ्याचा हात शिवशिवतो आणि ‘आय हॅव जस्ट ईटन’ होतं. इथे थांबा. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्याबरोबर साधा भूतकाळ ही अमेरिकेतली रोजची रीत आहे. ‘डिड यू ईट येट?’ हा तिथे अगदी शुद्ध प्रश्न. गंमत म्हणजे ‘मी आत्ताच जेवलो’ म्हणणारे आपणही त्याच रांगेत.

शब्दांत सगळ्यात ठसठशीत जोडी परीक्षेची. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत नेमकं उलट: विद्यार्थी ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतात. भारतात ‘ही गेव्ह द एक्झाम’ म्हटलं तर कुणाचाही गोंधळ होत नाही. परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात मात्र तो विद्यार्थी प्राध्यापक होऊन बसतो.

शीर्षकातला ‘डाउट’ त्याच जातीचा. आपली ‘शंका’ म्हणजे न समजलेला प्रश्न. तिकडे ‘डाउट’ म्हणजे विश्वास नसणं. सादरीकरण संपल्यावर ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपलं म्हणणं याला पटलेलं नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा, मिटलं.

तपासताना तुम्ही कोणता निकष लावता? जोड्या असतील तर त्याही येऊ द्या.

तिरपीरेघ

वाचनखूण साठवली आहे.

निकष सोपा ठेवते. खटकणारं वाक्य आधी शब्दशः मराठीत उलटं करून बघायचं. मराठी वाक्य अस्सल निघालं तर ते मराठी अंगावर इंग्रजी कपडे आहेत हे कळतं. मग एकच विचारायचं: याचा अर्थ बदलतोय, की नुसतं वेगळं ऐकू येतंय? अर्थ बदलत असेल तर बदल करायचाच, वाचणारा कुणीही असो.

अर्थ बदलणारं उदाहरण ‘ईव्हन’. ‘ईव्हन आय हॅव फिनिश्ड’ म्हणजे आपल्या मनात ‘माझंही झालं’. इंग्रजी वाचणाऱ्याला ते लागतं ‘अगदी माझ्यासारख्या ढ माणसाचंसुद्धा झालं’ असं. आपल्या ‘पण’ आणि ‘सुद्धा’ या दोघांचा भार एकट्या ‘ईव्हन’वर टाकला की हे होतं. ‘आय हॅव फिनिश्ड टू’ किंवा ‘सो हॅव आय’ लिहायचं.

दुसरं, ‘वेट अन्टिल आय डोन्ट कम’. मूळ ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’. आपल्याकडे तो ‘नाही’ लागतोच, पण ‘अन्टिल’च्या पोटात नकार आधीच बसलेला आहे. वरून आणखी एक दिला की सूचना उलटी होते. कामाच्या सूचनांमध्ये हे धोक्याचं आहे: ‘डू नॉट ओपन द व्हॉल्व्ह अन्टिल द प्रेशर डज नॉट ड्रॉप’ हे वाचून माणसाने करायचं काय?

तिसरं ‘सिन्स टू इयर्स’. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ दोन्हीला एकच ‘पासून’. इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’ आणि मुदतीला ‘फॉर’. शिवाय क्रियापदही बदलतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. जर्मन भाषकही नेमके इथेच घसरतात, कारण त्यांचाही शब्द दोन्हीला एकच. अर्थ कळतो, म्हणून घरच्या मेलमध्ये मी याच्या नादी लागत नाही.

आणि ‘माय हेड इज पेनिंग’, ‘टुडे मॉर्निंग’, ‘उद्याच’साठी ‘टुमॉरो इटसेल्फ’, ‘तिथेच’साठी ‘देअर ओन्ली’ ही सगळी निरुपद्रवी मंडळी. तो ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. त्याच्याइतका आटोपशीर शब्द इंग्रजीकडे नाही हे त्यांचं दुर्दैव.

सातारी_तर्री

म्हणजे आपलं वेगळं ते चूक आणि गोऱ्यांचं वेगळं ती रीत? हा न्याय काही पटला नाही.

‘शी गो’ लिहिलं की आपल्या शाळेत छडी. पण इंग्लंडातल्या नॉरिच शहरात जन्मलेली, सात पिढ्या इंग्रजीच बोलणारी माणसं ‘शी गो’, ‘ही लाइक’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोकळ्या गप्पांमध्ये ‘गोज’, ‘लाइक्स’मधला शेवटचा ‘स’ गाळण्याचं प्रमाण कष्टकरी वर्गाच्या सर्वांत खालच्या थरात ९७ टक्के होतं आणि मध्यमवर्गाच्या वरच्या थरात शून्य. एकच शहर, एकच भाषा. फरक वर्गाचा.

त्याहून भारी उदाहरण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीचं. ‘ही बी वर्किंग’ ऐकून लोक म्हणतात, यांना ‘इज’ येत नाही. अहो, त्यांच्याकडे ‘ही वर्किंग’ वेगळं आणि ‘ही बी वर्किंग’ वेगळं. पहिलं म्हणजे ‘तो काम करतोय’, आत्ता. दुसरं म्हणजे ‘तो काम करत असतो’, नेहमीचं. त्या बोलीत ‘ही बी वर्किंग राइट नाउ’ म्हटलं तर ते चुकतं, जसं आपल्याकडे ‘तो आत्ता या क्षणी काम करत असतो’ चुकतं. प्रमाण इंग्रजीला या फरकासाठी ‘युज्वली’ जोडावं लागतं. मराठी माणसाला तरी ही बोली अडाणी वाटायला नको, आपल्याच घरातला भेद आहे तो.

मुद्दा असा की नियम तिथेही असतो. पुस्तकात नसतो, एवढंच.

शाईदौत

@सातारी_तर्री, नियम असतो हे मान्य, आणि ‘करत असतो’ची जोड लाखात एक. पण म्हणूनच ‘हॅड गॉन’ आणि ‘ही बी’ एका पारड्यात घालता येत नाहीत. ‘ही बी’ त्या समाजात सगळ्यांना एकाच अर्थाने कळतं. आपला ‘हॅड गॉन’ एकाच खोलीतले चार मराठी लोक चार तऱ्हांनी वापरतात.

हा वाद जुना आहे, म्हणून दोन वाक्यं. श्रीनगरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कच्रू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका वगैरे. मधल्यात भारत, नायजेरिया, सिंगापूर, जिथे कारभार इंग्रजीत चालतो. बाहेरच्यात चीन, जपानसारखे देश. मधल्या वर्तुळातल्या इंग्रजीला स्वतःचे नियम आहेत, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९० मध्ये हरकत घेतली की वर्गात शिकवायला एकच प्रमाण हवं, नाहीतर नुकसान विद्यार्थ्याचंच. कच्रूंनी पुढच्याच वर्षी उत्तर दिलं. अभ्यासक म्हणून कच्रू पटतात आणि मुदतीच्या आदल्या रात्री मजकूर तपासताना क्वर्क आठवतात, काय करणार.

आता भारतीय शब्दांची माझी वर्गवारी. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) मी ठेवतो. लोक हसतात, पण पर्याय बघा: ‘द वेन्सडे मीटिंग हॅज बीन मूव्हड फॉरवर्ड टू डेज’. ती सोमवारी गेली की शुक्रवारी, यावर जन्मजात इंग्रजी भाषकांतही दोन तट पडतात. ‘प्रीपोन’मध्ये हा घोटाळाच नाही. परदेशी वाचक असेल तर सरळ ‘इट इज नाउ ऑन मंडे’.

‘रिव्हर्ट’ मात्र काढतो. भारत, सिंगापूर, मलेशियात ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. सॉफ्टवेअरवाल्याला ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल पुसून मागच्या स्थितीला न्या. तो आज्ञाधारक निघाला तर दिवसाचं काम गेलं.

‘पास्ड आउट इन २०१५’ यातून तिकडे ‘२०१५ मध्ये बेशुद्ध पडला’ असा अर्थ निघतो. आपला अर्थ लष्करी संचलनातून आला, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तो शब्द आजही अचूक आहे. बायोडेटात ‘ग्रॅज्युएटेड’.

कोकणकडा

भारतीय-परदेशी हे झालं. पण खरी डोकेदुखी एकाच दस्तऐवजात ब्रिटिश आणि अमेरिकन यांची मिसळ. चुका यातूनच येतात, कारण सुटं बघितलं तर दोन्ही बरोबर.

पहिलं काम: मजकुराच्या पहिल्या पानावर ठरवून टाका, कोणती इंग्रजी आणि कोणता शब्दकोश. मग वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा तीच लावा. चिकटवलेले परिच्छेद आपली जुनी भाषा घेऊन येतात, म्हणून तपासणी अर्धवट होते आणि कळतही नाही.

दुसरं: शोधा-आणि-बदला डोळे मिटून चालवू नका. ‘ऑर्गनाइझ’च्या शेवटी झेड म्हणजे अमेरिकन, हा गैरसमज. ऑक्सफर्डचा मोठा कोश स्वतः झेडच वापरतो. उलट ‘अ‍ॅडव्हाइज’, ‘सुपरव्हाइज’, ‘सर्प्राइज’, ‘एक्सरसाइज’ अमेरिकेतही एसनेच. सगळीकडे एसचं झेड केलं की हे चार बळी जातात. ‘अ‍ॅनलाइझ’ तिसरंच: अमेरिकेत झेड, पण झेडप्रेमी ऑक्सफर्डही तिथे एस ठेवतो. ‘मीटर’चं असंच: ब्रिटनमध्ये लांबी मोजायचं एकक टी-आर-ई, पण विजेचा मीटर टी-ई-आर. ‘प्रोग्राम’ संगणकाचा असेल तर ब्रिटनमध्येही आखूडच.

व्याकरणात समूहवाचक नामं बघा. ब्रिटिश ‘द टीम आर प्लेइंग’, ‘द कमिटी हॅव डिसायडेड’ म्हणतात, अमेरिकन ‘इज’, ‘हॅज’. क्रिकेटच्या समालोचनामुळे ‘इंडिया आर १२० फॉर थ्री’ आपल्या कानाला सवयीचं आहे. ‘पोलीस आर’ मात्र दोन्हीकडे.

‘गॉटन’ला अमेरिकन अपभ्रंश म्हणणाऱ्यांसाठी: तो इंग्लंडातूनच गेला, मागे इंग्लंडने टाकून दिला. आणि अमेरिकेत तो फुकट बसलेला नाही. ‘आय हॅव गॉट अ टिकिट’ म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे, ‘आय हॅव गॉटन अ टिकिट’ म्हणजे खटपट करून मिळवलंय.

करारांत खरा खड्डा ‘इन्सिस्ट’, ‘सजेस्ट’, ‘रिक्वायर’ यांच्या मागे असतो. अमेरिकन: ‘दे इन्सिस्टेड दॅट ही लीव्ह’, त्याने जावं असा आग्रह धरला. ब्रिटिश बहुधा ‘शुड लीव्ह’ घालतात. काही ब्रिटिश ‘दॅट ही लेफ्ट’ही म्हणतात आणि तिथे दोन अर्थ निघतात: जावं असा आग्रह, की तो गेलाच होता असा दावा? वाद टाळायचा तर ‘शुड’ घाला, तो दोन्ही किनाऱ्यांवर चालतो.

‘टेबल’ तर कुप्रसिद्धच. प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले आणि दोघांना हवं ते एकच होतं, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. ‘क्वाइट गुड’वर मात्र भांडण होत नाही, नुसता हिरमोड होतो: अमेरिकनाला ‘छानच’, ब्रिटिशाला ‘बरं आहे’.

हळदीकुंकू

अवांतर: इंग्रजीत ‘तू’ होता, ‘दाउ’. सतराव्या शतकात तो प्रमाण भाषेतून गळाला आणि ‘यू’ एकट्यावर सगळा संसार पडला. मग अनेकवचनाची पोकळी लोकांनी आपापल्या परीने भरली: अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंड आणि लिव्हरपूलकडे ‘यूझ’, पिट्सबर्गकडे ‘यिन्झ’. आदरार्थी ‘तुम्ही’ची जागा मात्र ‘सर’ आणि ‘मॅम’ला सांभाळावी लागते. आपण मेलमध्ये वाक्यागणिक ‘सर’ घालतो ते त्यामुळेच असावं. आणि ‘आपण’, ‘आम्ही’ हा फरक? ‘वुई विल पे’ म्हटल्यावर बिल कोण देणार हे इंग्रजीत अध्याहृतच.

पाणबुडी

इथे सगळे बोलणाऱ्याच्या गावाबद्दल बोलताहेत. प्रसंगाप्रमाणे व्याकरण कसं बदलतं हे बघायचं तर जहाज आणि विमान बघा.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांसाठी प्रमाण वाक्प्रयोग स्वीकारले. त्यांत ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ टाळायला सांगितलंय. कारण ‘मे आय एंटर द फेअरवे?’ (फेअरवे म्हणजे जहाजांचा ठरलेला जलमार्ग) यात परवानगी मागताय की शक्यता विचारताय? त्याऐवजी आधी ‘क्वेश्चन’ हा खुणेचा शब्द, मग ‘डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?’ अशा खुणा आठ आहेत: सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती, इरादा. एकशे पन्नास हा आकडा ‘वन-फाइव्ह-झिरो’ असाच सुटा बोलायचा, कारण ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ रेडिओवर जुळी भावंडं. शाळेतल्या बाईंनी शिकवलेली सभ्य, गोलाकार इंग्रजी इथे धोकादायक ठरते.

विमानांचा धडा तर रक्ताने लिहिलेला आहे. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक, त्यांतलं एक म्हणजे डच सहवैमानिकाचे शब्द: ‘वुई आर नाउ अ‍ॅट टेक-ऑफ’. नियंत्रकाने घेतलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. चालू क्रिया डच भाषेत शब्दयोगी अव्यय लावून सांगतात, त्याचीच सावली त्या ‘अ‍ॅट’वर पडली असावी, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मातृभाषेचं व्याकरण परक्या भाषेत असं डोकावतं, आपल्या ‘हॅड गॉन’सारखंच. पुढे नियम झाला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच. एरवी ‘डिपार्चर’.

मुळाक्षर

@पाणबुडी, जबरदस्त प्रतिसाद.

याचंच लेखी भावंड म्हणजे विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी केलेली सोपी तांत्रिक इंग्रजी, एएसडी-एसटीई-१००. कामाच्या सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५. एका शब्दाला एकच अर्थ आणि एकच जात. ‘फॉलो’ म्हणजे फक्त ‘मागून येणं’. सूचना ‘फॉलो’ करायच्या नाहीत, ‘ओबे’ करायच्या. ‘टेस्ट’ फक्त नाम, म्हणून ‘टेस्ट द पंप’ बाद आणि ‘डू अ टेस्ट ऑफ द पंप’ बरोबर. साहित्यिक कानाला हे भिकार वाटतं, पण पुस्तिका वाचणारा मेकॅनिक ब्राझीलचाही असू शकतो.

आणि नियम मोडण्याची मुभा असलेल्या जागाही असतातच. ‘अ‍ॅड सॉल्ट, स्टर, बेक फॉर २० मिनिट्स’ यात कर्म गायब, ‘द’ गायब, तरी पाककृतीत हे शुद्ध. तेच बँकेच्या पत्रात घातलं तर तार वाटेल.

सातारी_तर्री

मग गाडीतली ‘स्टेपनी’ कुठल्या टोपलीत? परदेशात कुणालाच कळत नाही म्हणे.

कोकणकडा

ठेवा, पण भारतापुरती. शब्द अस्सल ब्रिटिश आहे: वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवून विकायला लागले, कारण तेव्हा मोटारीबरोबर ते मिळतच नसे. तिकडे लोक विसरले, आपण सांभाळला. बाहेर ‘स्पेअर व्हील’ किंवा ‘स्पेअर टायर’.

आकड्यांचं राहिलं. ‘लाख’, ‘कोटी’ बाहेरच्या वाचकासाठी बदलाच, पण स्वल्पविराम विसरू नका. १,५०,००,००० हे तिकडे १५,०००,००० असंच दिसायला हवं. ‘बिलियन’ आज इंग्रजीत सगळीकडे आपला अब्ज. पण ब्रिटनमध्ये सरकारी आकड्यांत हा अर्थ १९७४ पासून आला. त्याआधीच्या ब्रिटिश कागदांत तो हजार अब्जही असू शकतो, भाषांतर करताना साल बघा.

तिरपीरेघ

एक जोडी राहिलीच, आणि रोज नडते ती हीच. ‘यू डोन्ट हॅव अ‍ॅक्सेस?’ यावर आपलं उत्तर ‘येस’. कारण मराठीत ‘हो, नाहीये’. आपण समोरच्याच्या म्हणण्याला ‘हो’ म्हणतो, इंग्रजी वस्तुस्थितीला ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणते. विचारणारा समजतो परवानगी आहे आणि तक्रार बंद करून टाकतो. तपासताना दोन्ही टोकांनी दुरुस्त करायचं: विचारणाऱ्याने नकार काढून ‘डू यू हॅव अ‍ॅक्सेस?’ विचारावं, आणि उत्तर देणाऱ्याने एका शब्दावर न थांबता ‘नो, आय डोन्ट’ एवढं तरी लिहावं.